पडद्यामागचे भय : '१३ बी' आणि 'कंट्रोल'

जुन्या गोष्टींतील भूत गावाबाहेर, ओसाड विहिरीपाशी किंवा पिंपळावर असे. माणूस धावत घरी पोहोचला, की सुटला. विक्रम कुमार यांनी '१३ बी' (२००९) या हिंदी चित्रपटात हा उंबरठाच पुसून टाकला. तेराव्या मजल्यावरील नव्या घरात मनोहरचे (आर. माधवन) एकत्र कुटुंब राहावयास येते. लिफ्ट साऱ्यांना नेते, त्याला एकट्याला नेत नाही, देवघराच्या भिंतीत खिळा शिरत नाही, दूध नासते, घरात मोबाइलने काढलेले त्याचे छायाचित्र विद्रूप निघते. घरातील बायका दुपारी एकत्र बसून जी मालिका पाहतात, तिच्यातील कुटुंबावर जे गुदरते तेच या कुटुंबावर गुदरू लागते. पूर्वार्धाचा संयम वाखाणण्याजोगा आहे. उत्तरार्धात मात्र १९७७ मधील हत्याकांडाचा उलगडा घाईने होतो, हातोडा चालतो आणि भय पातळ होते. तरी दूरचित्रवाणीच्या पेटीतील त्या मृतांना न्याय हवा आहे. त्यांचे येणे सहेतुक आहे. अखेरीस मनोहरचा मोबाइल वाजतो, आणि मृत डॉ. शिंदे (सचिन खेडेकर) त्यातून बोलू लागतात. त्या काळी हा शेवट गमतीचा वाटला असेल.

विक्रमादित्य मोटवाने यांच्या 'कंट्रोल'मध्ये (२०२४) भूतच नाही. कथा बहुतांशी संगणकाच्या व मोबाइलच्या पडद्यांवर उलगडते. नेला (अनन्या पांडे) आणि जो मस्करेन्हस हे समाजमाध्यमांवर आपले प्रेम मांडून नाव कमावलेले जोडपे. जोचा विश्वासघात थेट प्रक्षेपणातच जगासमोर येतो. दुखावलेली नेला कृत्रिम बुद्धीच्या एका सहायकाला सांगते, याला माझ्या आयुष्यातून पुसून टाक. तो आज्ञाधारकपणे एकेका छायाचित्रातून जोला वगळतो. पुढे जो खरोखरच नाहीसा होतो, आणि त्याच्या मृत्यूची वार्ता येते. त्यामागील कंपनीच्या कटाची हकीकत लांबली आहे. तेथे पटकथा व्याख्यान देऊ लागते. परंतु शेवट पाहावा. सारे कळून चुकल्यावर, आईवडिलांकडे दिल्लीला परतलेली नेला त्याच सहायकाला पुन्हा बोलावते आणि त्याला जोचा चेहरा देते.

तिच्यावर कोणी बळजबरी केलेली नाही. आम्हांला अस्वस्थ केले ते याच गोष्टीने. धर्मगुरू म्हणून आम्ही पुष्कळ घरांतील शोक जवळून पाहिला आहे. गेलेल्या मुलाचा आवाज मोबाइलमध्ये जपून ठेवणारी आई आम्हांला परकी नाही, तिला बोल लावण्याची इच्छाही नाही. पण तो आवाज जे बोलून गेला तेवढेच बोलतो. नेलाचा हा जो रोज नवे बोलेल, आणि तिला रुचेल तेच बोलेल. ज्याला क्षमा करावयाची, ज्याच्याकडून क्षमायाचना ऐकावयाची, तो माणूस मातीत गेला. त्याच्या जागी कधीच न चुकणारा चेहरा आला. २ नोव्हेंबरला कबरीवर मेणबत्ती लावताना आपण मृताकडून उत्तर मागत नाही. त्या मौनात दुःख हळूहळू आपले होते.

ही कल्पनेची भरारी समजू नये. २०१८ मध्ये निवर्तलेले एम. करुणानिधी २०२४ मध्ये कृत्रिम चित्रफितीतून पक्षाच्या मेळाव्यात बोलले. जे पक्षाला साधले ते उद्या घराघरांत पोहोचेल.

आणखी एक फरक आम्हांला जाणवला. धान निघाले की आपल्या भंडाऱ्याकडे झाडीपट्टीची नाटके रंगतात. सारे गाव एका मंडपात जागते, आणि भ्यालेले लेकरू आजीच्या पदराआड लपते. '१३ बी'तील बायकांनाही निदान एकमेकींची सोबत होती. नेला पडद्यासमोर एकटी आहे. म्हणून 'कंट्रोल' महाविद्यालयात जाणाऱ्या मुलामुलींसह बसून पाहावा, असे आम्ही सुचवू. त्यातील काही भाषा वडीलधाऱ्यांच्या कानांना खटकेल. तेवढे सोसावे, आणि चित्रपट संपल्यावर मुलांना आधी बोलू द्यावे.