‘स्मृतिचित्रे’ आणि घरातील विसरभोळी बाई

लक्ष्मीबाई टिळकांचा जन्म १८६८ साली नाशिकजवळच्या जलालपूरचा. १९३६ साली त्यांनी देह ठेवला तोही नाशिकलाच. टिळक दांपत्य आमच्या पंथाचे नव्हते. तरीही ‘स्मृतिचित्रे’ हा ग्रंथ आम्हां नाशिककर कॅथलिकांना घरचाच वाटतो.

रेव्हरंड टिळकांचा विसरभोळेपणा, शीघ्रकोप, न सांगता घर सोडणे, हातचा पैसा देऊन टाकणे, हे सारे लक्ष्मीबाईंनी हसतहसत सांगितले आहे. वाचकही हसतो आणि ‘कविमनाचा माणूस’ म्हणून क्षमा करतो. संसाराचे सर्व व्यवधान एकट्या पत्नीला सांभाळावे लागले, हे मात्र हसण्याच्या भरात निसटते. ग्रंथाचे बळ विनोदात आहे. आपल्या वाचनाची उणीवही तेथेच आहे.

दिवंगतांना विकाराचे नाव चिकटवणे आम्हांस मान्य नाही. आमचा प्रश्न वेगळा आहे. हाच स्वभाव घरातील बाईचा असता तर?

१९८० साली अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या सूचीत ‘अटेन्शन डेफिसिट डिसऑर्डर’ हे नाव आले. लक्ष न टिकण्याचा हा विकार मेंदूच्या जडणघडणीतला, बालपणापासूनचा आणि पुष्कळदा आनुवंशिक असतो. वर्गात उड्या मारणारा मुलगा चटकन डोळ्यांत भरतो. खिडकीबाहेर पाहत बसलेली मुलगी मात्र ‘आळशी’ ठरते. कित्येक स्त्रियांना आपल्या मुलाच्या तपासणीच्या वेळी स्वतःचे दुखणे प्रथम उमगते.

त्यातून ती अल्पसंख्य समाजाची असेल, तर ओझे दुहेरी. १९०० साली बाप्तिस्मा घेतल्यावर लक्ष्मीबाई ज्या लहानशा समाजात आल्या, त्यातील बाईची चूक तिची एकटीची राहत नाही. शेजारी ती साऱ्या समाजाच्या नावे मांडतात. म्हणून ती आपला विसर लपवते, आणि लपवतालपवता थकते.

येथे आमचा दोषही कबूल केला पाहिजे. मिस्सेत मन ठरत नाही, चूल पेटती राहते, फीची तारीख चुकते, असे सांगत एक भगिनी आमच्याकडे आली होती. “अधिक एकाग्रतेने प्रार्थना करा,” असे आम्ही सांगितले. ज्या गोष्टीची तिच्याजवळ वाण होती, तीच आम्ही तिच्याकडे मागितली! तिला डॉक्टरांकडे जाण्याचे धैर्य द्यावयास हवे होते.

‘स्मृतिचित्रे’ पुन्हा वाचावीत, मनसोक्त हसावे. मग पुस्तक मिटून घरात पाहावे. टिळकांना दिलेली क्षमा आपण कोणाला नाकारली आहे?