इ. स. १८१५ च्या याद्या आणि रॅफल्सची एक तळटीप

इ. स. १८१५ या सालच्या जागतिक घडामोडींची यादी कोणीहि करावयास घेतली, कीं ती ठरलेल्या वाटेनेंच जाते : ८ जानेवारीस न्यू ऑर्लिन्सची लढाई, २ मार्चला कँडीचें राज्य इंग्रजांकडे, ९ जूनला व्हिएन्नाचा अंतिम करार, १८ जूनला वॉटर्लू. आमच्याकडील यादींत २० जुलैचा पंढरपूर येथील गंगाधरशास्त्री पटवर्धनांचा खून असतोच. तारखांविषयीं आमची तक्रार नाहीं. परंतु घटना आणि तिची बातमी यांमधील अंतर अशा यादींत पार पुसलें जातें. न्यू ऑर्लिन्सला रक्त सांडलें तेव्हां गेंटच्या तहावर २४ डिसेंबर १८१४ रोजींच सह्या झाल्या होत्या. लढणारांस त्याची वार्ताहि नव्हती. शास्त्र्यांचा खून वॉटर्लूनंतर बत्तिसाव्या दिवशीं झाला. तेवढ्या मुदतींत युरोपची बातमी पंढरपुरास पोंचणें अशक्य. मग शेजारच्या ओळींत छापल्यानें त्या दोन गोष्टींचा संबंध तो काय राहिला? शिवाय हें 'एक साल' आमच्या दप्तरांस ठाऊकच नाहीं. शके १७३६ भाव व १७३७ युवा या दोन संवत्सरांत तें विभागलें आहे. जानेवारीच्या पत्रावर खमस अशर मयातैन व अलफ, तर मृगानंतरच्या पत्रावर सीत अशर.

या सालचा सर्वांत प्रचंड उत्पात मात्र कित्येक याद्यांत नाहीं. सुंबावा बेटांतील तंबोरा पर्वताचा महास्फोट १० एप्रिलला झाला. १८१६ सालीं युरोप व उत्तर अमेरिकेंत उन्हाळा हरवला, पिकें बुडालीं; त्याचें नातें या राखेशीं विसाव्या शतकांत जोडलें गेलें. जावाचा तत्कालीन इंग्रज लेफ्टनंट गव्हर्नर रॅफल्स याच्या १८१७ सालच्या द्विखंडात्मक 'जावाच्या इतिहासां'त या उत्पाताचा वृत्तान्त आहे, पण तळटिपेंत !

तरी ती टीप अमोल आहे. ५ एप्रिलच्या सायंकाळीं पहिले धडाके ऐकूं आले, तेव्हां जावाभर लोकांस त्या तोफा वाटल्या. तंबोरापासून सुमारें पांचशें मैलांवरील योग्यकर्त्याहून, शेजारच्या ठाण्यावर हल्ला झाला अशा समजुतीनें, पलटणीची तुकडी निघाली. किनाऱ्यावरून संकटांतील जहाजाच्या शोधार्थ होड्या गेल्या. खरें कारण कळल्यावरहि रॅफल्सनें ही फजिती लपविली नाहीं. वृत्तान्ताचा जीव तीच आहे. सांगरच्या राजाची साक्ष लेफ्टनंट फिलिप्समार्फत त्यांत उतरली, हेंहि उत्तम झालें. परंतु तेथील लोकांनीं या अनर्थाचा स्वतःपाशीं काय अर्थ लावला, हें रॅफल्समध्यें शोधूं नये. त्यासाठीं बिमाच्या खातिब लुकमानचें मलायी काव्य पाहावें; तें १९८२ सालीं छापून निघालें. त्यांत हा उत्पात म्हणजे ईश्वरी कोप आहे.

हें येथें लिहिण्याचें कारण घरचें आहे. आमच्यांतील कांहीं संपादक जुनीं बातमीपत्रें छापतांना खोट्या ठरलेल्या वार्ता 'निराधार' म्हणून गाळतात, आणि संग्राहकहि असे कागद टाकाऊ समजून रद्दींत जाऊं देतात. ज्या वार्तेवर तुकडी कूच करिते, ती खोटी असली तरी त्या दिवसाचें कारण तीच असते. गाळावयाचीच असेल, तर गाळल्याची खूण व ओळींची संख्या तरी संपादकानें द्यावी, आणि मूळ कागद कोठें पाहावयास मिळेल तें लिहावें.