‘डॉक्टर हू’ मालिकेचीं श्राव्य नाट्यें व त्यांचें प्रामाण्य

(१)

अमुक कागद अस्सल कीं नकली, आणि अस्सल असल्यास त्याचें प्रामाण्य कोणत्या मर्यादेपर्यंत मानावयाचें, हा प्रश्न आमच्या वाचकांस नित्याचा आहे. हाच प्रश्न इंग्लंडांत एका अगदीं निराळ्या विषयासंबंधानें गेलीं कित्येक वर्षें हिरिरीनें चर्चिला जात आहे. तो विषय म्हणजे ‘डॉक्टर हू’ नांवाची विज्ञानकथांची मालिका. ह्या मालिकेचीं जीं नाट्यें पडद्यावर न येतां केवळ नभोवाणीवरून अथवा ध्वनिमुद्रिकांवरून ऐकविण्यांत आलीं, तीं मूळ कथेंत गणावयाचीं कीं नाहींत, ह्याविषयीं तिच्या चाहत्यांत तट पडले आहेत. विषय करमणुकीचा म्हणून कोणी नाक मुरडील. परंतु साधनचिकित्सेचीं बहुतेक सर्व कलमें ह्या वादांत येऊन गेलीं आहेत, व तीं पारखून पाहण्यासारखीं आहेत.

मालिकेचा परिचय थोडक्यांत असा. बी. बी. सी. ह्या संस्थेनें ती दूरचित्रवाणीवर २३ नोव्हेंबर १९६३ रोजीं सुरू केली. ‘डॉक्टर’ हा परग्रहावरील कालप्रवासी. मरणाचा प्रसंग आला असतां तो नवें शरीर धारण करतो, व त्यामुळें नट बदलला तरी पात्र तेंच राहतें. ६ डिसेंबर १९८९ नंतर नियमित मालिका बंद पडली. १९९६ सालीं एक चित्रपट तेवढा झाला. आणि २६ मार्च २००५ पासून ती पुनः सुरू झाली. मधल्या ह्या खंडाच्या काळांतच श्राव्य नाट्यांचा मुख्य विस्तार झाला, हें ध्यानांत ठेवावें.

(२)

वादाकडे वळण्यापूर्वीं मूळ साधनांची स्थिति पाहिली पाहिजे. १९६३ ते १९६९ ह्या काळांत मालिकेचे २५३ भाग प्रक्षेपित झाले. त्या काळीं चित्रफीत महाग होती, पुनःप्रक्षेपणाचे हक्क मर्यादित होते, आणि जुन्या कार्यक्रमांस पुढें कांहीं मोल येईल असें कोणाच्या मनांतहि नव्हतें. परिणाम असा झाला कीं, १९६७ ते १९७८ ह्या अवधींत संस्थेनें स्वतःच फिती पुसून पुनः वापरल्या, व परदेशी विक्रीसाठीं केलेल्या चित्रपटप्रतीहि मोडींत काढल्या. २०१३ सालीं नायजेरियांतील जॉस शहरीं सांपडलेले नऊ भाग प्रसिद्ध झाले, त्यानंतरहि ९७ भाग अनुपलब्ध राहिले.

असें असूनहि ह्या अनुपलब्ध भागांपैकीं एकाचाहि ध्वनि नष्ट झालेला नाहीं. ह्याचें श्रेय संस्थेकडे जात नसून चाहत्यांकडे जातें. कित्येक मुलांनीं घरच्या दूरचित्रवाणीयंत्रापुढें ध्वनिग्राहक धरून, तर एखाद्यानें यंत्राच्या आंतील तारांस फीतयंत्र जोडून, हे भाग प्रक्षेपणाच्या वेळींच उतरून घेतले. एकाच भागाच्या अशा दोनतीन नकला मिळाल्या म्हणजे त्या ताडून पाहणें, एकींतील खंड दुसरीवरून भरणें, खरखर काढून टाकणें हें काम पुढें मार्क एअर्स प्रभृति जाणकारांनीं केलें. १९९२ पासून ध्वनिफितींवर व १९९९ पासून तबकड्यांवर हे ध्वनि निवेदनासह विक्रीस आले. ज्यांनीं एका ग्रंथाच्या अनेक पोथ्या जुळवून पाठ निश्चित केला आहे, त्यांस ही पद्धत समजावून सांगण्याचें कारण नाहीं.

१९६६ सालच्या ‘दि टेन्थ प्लॅनेट’ ह्या कथेचा चौथा भाग ह्याचें उत्तम उदाहरण होय. पहिल्या डॉक्टराचें, म्हणजे विल्यम हार्टनेल यांचें, रूपांतर ह्याच भागांत घडतें. हा भाग गहाळ आहे. परंतु रूपांतराचा नेमका तुकडा ‘ब्लू पीटर’ ह्या मुलांच्या कार्यक्रमांत उद्धृत झाला होता म्हणून वांचला. लुप्त ग्रंथांतील श्लोक दुसऱ्याच्या टीकेंत अवतरण म्हणून शिल्लक राहावा, तशांतलाच हा प्रकार. पुढें अशा गहाळ भागांच्या ध्वनीवर नवीं चित्रें काढून ते प्रसिद्ध करण्याची प्रथा पडली. २००६ सालीं ‘दि इन्व्हेजन’ ह्या कथेच्या दोन भागांस अशी चित्रें दिलीं. तेथें ध्वनि १९६८ चा व चित्र २००६ चें आहे. म्हणजे ध्वनि हा मूळ पाठ असून चित्र ही त्यावरील टीका होय.

(३)

आतां खास श्रवणासाठींच रचिलेल्या नाट्यांचा कालानुक्रम पाहूं. १९७६ सालीं टॉम बेकर व एलिझाबेथ स्लेडन यांच्या आवाजांत ‘दि पेस्काटन्स’ ही ध्वनिमुद्रिका निघाली, व त्याच वर्षीं ४ ऑक्टोबर रोजीं शाळांसाठीं असलेल्या एका नभोवाणी कार्यक्रमांत हींच दोन पात्रें अवतरलीं. १९८५ सालीं दूरचित्रवाणीवरील मालिका दीड वर्ष स्थगित असतां एरिक सॉवर्ड यांचें ‘स्लिपबॅक’ हें नभोनाट्य दहा दहा मिनिटांच्या सहा भागांत झालें. त्यांत विनोदाचा सोस फार, आणि कथेस बळकटी कमी. १९९३ मध्यें ‘दि पॅरडाइज ऑफ डेथ’ व १९९६ मध्यें ‘दि गोस्ट्स ऑफ एन-स्पेस’ हीं बॅरी लेट्स यांचीं दोन नभोनाट्यें जॉन पर्टवी यांस घेऊन झालीं. दुसऱ्या नाट्यानंतर थोड्याच महिन्यांत, २० मे १९९६ रोजीं, पर्टवी निवर्तले.

ह्या सरकारी धाग्याशेजारीं दुसरा एक धागा चाहत्यांचा आहे. १९८० नंतरच्या दशकांत निकोलस ब्रिग्ज, गॅरी रसेल वगैरे तरुण मंडळी ‘ऑडिओ व्हिज्युअल्स’ ह्या नांवानें हौशी श्राव्य नाट्यें रचून फितींवर वांटीत असत. त्यांपैकींच कांहीं जण पुढें ‘बिग फिनिश’ ह्या कंपनीच्या कामांत आले; आणि रीतसर परवाना मिळवून जुलै १९९९ मध्यें ‘दि सायरन्स ऑफ टाइम’ हें नाट्य तिनें प्रसिद्ध केलें. त्यांत पीटर डेव्हिसन, कॉलिन बेकर व सिल्व्हेस्टर मॅकॉय ह्या तिघां नटांनीं आपापल्या भूमिका पुनः केल्या. चित्रपटांत एकदांच दिसलेले पॉल मॅगन २००१ पासून त्यांत आले, व त्यांच्या डॉक्टराचें चरित्र बहुतांशीं श्राव्य नाट्यांतूनच वाढलें.

(४)

आतां वाद. चाहत्यांच्या लेखांतून व चर्चांतून चार पक्ष दिसतात.

पहिला पक्ष म्हणतो कीं, पडद्यावर आलें तेवढेंच प्रमाण. हा पक्ष सुटसुटीत खरा, पण टिकत नाहीं. १९८५, १९९३ व १९९६ चीं नभोनाट्यें खुद्द बी. बी. सी. चींच होतीं. शिवाय पडद्यावर आलेल्या ज्या भागांचा आज केवळ ध्वनि उरला आहे, ते भागहि आपणांस श्रवणानेंच कळतात. म्हणजे माध्यम ही प्रामाण्याची कसोटी होऊं शकत नाहीं.

दुसरा पक्ष म्हणतो कीं, परवाना असलेलें सर्व प्रमाण. येथें दोन गोष्टींची गल्लत आहे. परवान्यानें प्रसिद्धीचा हक्क सिद्ध होतो. कथेची सत्यता सिद्ध होत नाहीं. शिक्का खरा म्हणून पत्रांतील प्रत्येक मजकूर खरा, असें आपण कोठें मानतों?

तिसरा पक्ष विरोधाची कसोटी लावतो: पडद्यावरील कथेशीं जें जुळत नाहीं तें टाकावें. परंतु पडद्यावरील कथा तरी स्वतःशीं कोठें जुळतात? डॅलेक ह्या क्रूर जातीच्या पूर्वजांस १९६३-६४ च्या पहिल्या कथेंत ‘डाल’ म्हटलें आहे, तर १९७५ च्या ‘जेनेसिस ऑफ दि डॅलेक्स’ मध्यें ‘केलेड’. विरोध हेंच त्याज्यतेचें कारण मानिलें, तर ह्या दोहोंपैकीं एक कथा टाकावी लागेल. आणि तसें करण्यास ह्या पक्षाचा एकहि मनुष्य तयार होणार नाहीं.

चौथ्या पक्षाचा आधार अधिक भक्कम आहे. १४ नोव्हेंबर २०१३ रोजीं प्रसिद्ध झालेल्या ‘दि नाइट ऑफ दि डॉक्टर’ ह्या लहानशा चित्रकथेंत मॅगन यांचा डॉक्टर मरणापूर्वीं चार्ली, क्रिझ, लूसी, टॅमसिन व मॉली ह्या आपल्या सोबत्यांचीं नांवें घेतो. हे पांचहि सोबती केवळ श्राव्य नाट्यांतले. तेव्हां श्राव्य नाट्यांवर मूळ मालिकेची मोहोर उठली, असें ह्या पक्षाचें म्हणणें. मोहोर उठली हें खरें, पण कशावर? अस्सल पत्रांत एखाद्या सरदाराचें नांव आढळलें म्हणजे तो सरदार होऊन गेला एवढें ठरतें; बखरकारानें त्याच्याविषयीं सांगितलेली प्रत्येक आख्यायिका त्यानें खरी ठरत नाहीं. सोबत्यांचें अस्तित्व सिद्ध झालें. त्यांच्या प्रत्येक नाट्याचा तपशील नव्हे.

पॉल कॉर्नेल ह्या लेखकानें २००७ सालीं असें प्रतिपादिलें कीं, प्रमाणसंहिता ठरविण्याचा अधिकार असलेल्या कोणींहि ती कधीं जाहीर केलेली नाहीं, सबब अशी संहिता नाहींच. वस्तुस्थिति म्हणून हें मान्य आहे. मात्र संहिता नाहीं म्हणून सर्वच सारखें, असा अर्थ कोणी काढील तर तो आम्हांस मान्य नाहीं. राजवाड्यांनीं १८९८ सालीं साधनांच्या पहिल्या खंडाच्या प्रस्तावनेंत बखरींचे दोष चव्हाट्यावर आणले. तथापि बखर कोणीं, केव्हां, कशावरून लिहिली हा शोध त्यामुळें थांबला नाहीं, उलट तेव्हांपासूनच तो खरा सुरू झाला. येथेंहि विचारण्याचा प्रश्न ‘ही कथा खरी कीं खोटी’ हा नसून, ‘ही कोणत्या कथेवरून निघाली व हिच्यावरून पुढें काय निघालें’ हा आहे.

(५)

ह्या दृष्टीनें दोन नाट्यांची परीक्षा करूं.

मार्क प्लॅट यांचें ‘स्पेअर पार्ट्स’ (२००२) हें नाट्य सायबरमन ह्या यंत्रमानवांच्या उत्पत्तीची कथा सांगतें. मोंडास ग्रहावरील लोक जमिनीखालच्या शहरांत दिवस कंठीत आहेत. जगण्यासाठीं एकेक अवयव बदलीत बदलीत ते माणूसपण गमावतात. हार्टली नामक साध्या कुटुंबांतील मुलगी इव्होन कामावर पकडून नेली जाते, आणि अर्धवट यंत्र होऊन घरीं परत येते. हा प्रसंग पडद्यावर असता तर प्रेक्षक तिच्या धातूच्या देहाकडे पाहत राहिला असता. येथें देह दिसतच नाहीं; ऐकूं येतो तो केवळ आवाज, आणि त्या आवाजांत मुलगी किती उरली आहे हें श्रोत्यास कान देऊन शोधावें लागतें. श्राव्य माध्यमाची उणीव येथें गुण होऊन बसली आहे. ह्या नाट्याचा ऋणनिर्देश २००६ च्या ‘राइज ऑफ दि सायबरमेन’ ह्या पडद्यावरील कथेंत झाला, परंतु तींत उत्पत्ति समांतर पृथ्वीवर दाखविली आहे. २०१७ मध्यें तिसरीच उत्पत्तिकथा आली, व अशी जात मनुष्य असेल तेथें पुनः पुनः उपजते असा समेट त्या कथेंत डॉक्टराच्या तोंडीं घातला. चाहत्यांचें समाधान ह्यानें झालें असेल; आम्हांस ती टीकाकाराची सारवासारव वाटते. तिन्हींत सरस ‘स्पेअर पार्ट्स’ च, आणि तें तसें ठरण्यास कोणत्याहि समेटाची गरज नाहीं.

रॉबर्ट शिअरमन यांचें ‘जुबिली’ (२००३) हें आमच्या वाचकांस विशेष जवळचें वाटेल. डॉक्टराची सोबतीण एव्हलिन स्माइथ ही इतिहासाची अध्यापिका आहे. एका निराळ्याच इंग्लंडांत १९०३ च्या डॅलेकविजयाची शताब्दी चालली आहे. शत्रूचें चित्र विक्रीच्या मालावर झळकत आहे. आणि शेवटचा डॅलेक लंडनच्या किल्ल्यांत छळ सोशीत कोंडलेला आहे. ज्या पराक्रमाचा उत्सव, त्याचा अर्थ कोणासच आठवत नाहीं. नाट्याच्या उत्तरार्धांत कालाची गुंतागुंत अतिशय होऊन पकड सैल होते, हा दोष आहे. तथापि एव्हलिन व बंदिवान डॅलेक यांचे संवाद फार उंचीचे आहेत. ३० एप्रिल २००५ रोजीं प्रक्षेपित झालेली ‘डॅलेक’ ही पडद्यावरील कथा शिअरमन यांनींच ह्या बीजावरून रचिली. तींत किल्ल्याच्या जागीं एका धनाढ्य संग्राहकाचें भूमिगत संग्रहालय आलें. एकमेव नमुना आपल्याजवळ आहे ह्या अभिमानांत तो काय आहे हें जाणून घेण्याचें विसरलेला हा संग्राहक आम्हां सर्वांस दर्पणासारखा आहे.

(६)

शेवटीं पाठभेदांचें एक उदाहरण देतों. डग्लस ॲडम्स यांची ‘शाडा’ ही कथा १९७९ सालीं संपामुळें अर्धवट राहिली. १९९२ मध्यें उपलब्ध दृश्यें टॉम बेकर यांच्या निवेदनानें जोडून ती प्रसिद्ध झाली. २००३ मध्यें ‘बिग फिनिश’ नें बेकर यांच्या जागीं मॅगन यांस घालून ती श्राव्य केली. २०१२ मध्यें गॅरेथ रॉबर्ट्स यांनीं तिची कादंबरी केली. आणि २०१७ मध्यें मूळ नटांचे आवाज व चित्रें घालून ती पुरी झाली. खरी ‘शाडा’ कोणती, ह्यावर चाहते भांडतात. महाभारताची संशोधित आवृत्ति १९१९ ते १९६६ पर्यंत पुण्यास ज्या शिस्तीनें सिद्ध झाली, तिची ओळख असलेल्यास हें भांडण व्यर्थ वाटेल. चारहि वाचना ठेवाव्या, प्रत्येकीचा काळ व कर्ता नोंदवावा, आणि मूळ १९७९ च्या दृश्यांत मागाहून काय मिसळलें हें स्पष्ट दाखवावें. एवढेंच संपादकाचें काम.

सारांश, चाहत्यांनीं प्रामाण्याच्या वादांत जी शक्ति वेंचली, तिच्याहून शतपटीनें मोलाचें काम त्यांच्याच पूर्वसूरींनीं घरच्या फीतयंत्रांपुढें बसून केलें. हे भाग पुढें प्रमाण ठरतील काय, असा विचार त्या मुलांच्या मनांत आला असेल असें वाटत नाहीं. ऐकलें तें हरवूं नये एवढीच त्यांची इच्छा. संस्थेनें पुसलें, आणि घरांनीं राखलें. आमच्याकडेहि ज्यांच्या माळ्यावर नभोवाणीवरील मराठी श्रुतिकांच्या जुन्या फिती पडल्या असतील, त्यांनीं त्या बाहेर काढाव्या, तारीख व वेळ आठवत असेल तोंवर वेष्टणावर टिपून ठेवावी, व नक्कल करवून घ्यावी. त्यांचें प्रामाण्य मागाहून ठरवितां येईल. फीत मात्र तोंवर थांबणार नाहीं.