३३३ विरुद्ध १११ : छेदात कोण आहे?

नाशिक जिल्ह्याच्या राजकारणावर काहीही वाचायला घ्या, एक आकडा हमखास भेटतो : ३३३ विरुद्ध १११. ऑक्टोबर १९५६. नव्या द्विभाषिक मुंबई राज्यासाठी काँग्रेस विधिमंडळ पक्षाचा नेता, म्हणजेच मुख्यमंत्री, निवडायचा होता. मोरारजी देसाई बाजूला झाले, त्यांचा पाठिंबा यशवंतराव चव्हाणांना मिळाला. समोर आपले मालेगावचे भाऊसाहेब हिरे. चव्हाण जिंकले.

आकड्याबद्दल माझी तक्रार नाही, त्याच्या वाचनाबद्दल आहे. ‘महाराष्ट्राने हिऱ्यांना तीनास एक असं नाकारलं’ हे वाक्य सर्रास लिहिलं जातं. पण यात महाराष्ट्र आला कुठून?

आधी छेद बघा. ही ४४४ मतं एका पक्षाच्या लोकप्रतिनिधींची. त्यात गुजरात, सौराष्ट्र, कच्छचे सदस्य होते. विदर्भातले १९५२ मध्ये मध्य प्रदेश विधानसभेवर निवडून गेलेले, मराठवाड्यातले हैदराबादच्या. १ नोव्हेंबरला जन्मणाऱ्या राज्यासाठी हे सगळे एकत्र आणलेले. मग हा नमुना महाराष्ट्राचा कसा? शिवाय, यांना निवडून देताना मतदाराला ‘चव्हाण की हिरे?’ असं कुणी विचारलंच नव्हतं.

तुलनेसाठी अमेरिकेतलं मॅसॅच्युसेट्स घ्या. १७८५ मध्ये गव्हर्नरपदासाठी जनतेने मतदान केलं, कुणालाच निम्म्याहून जास्त मतं मिळाली नाहीत, म्हणून विधिमंडळाने जेम्स बोडन यांना निवडलं. तिथे जनतेचा कौल आणि विधिमंडळाचा निर्णय वेगवेगळे मोजता येतात. आपल्याकडे १९५६ चा आकडा एकच, आणि तो दुसऱ्या प्रकारचा. त्याच्यावर आपण पहिल्याचं लेबल चिकटवतो.

हा फरक किरकोळ नाही. १९५७ च्या निवडणुकीत संयुक्त महाराष्ट्र समितीने पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसला जबर तडाखा दिला. सत्ता टिकली ती गुजरात, विदर्भ आणि मराठवाड्याच्या जोरावर. ३३३ ला लोकमत मानणाऱ्याला हा निकाल अचानक कोसळलेला वाटेल. छेद तपासणाऱ्याला नाही वाटणार.

तेव्हा संशोधनाच्या तयारीत एक सवय लावून घ्या : मतांचा आकडा दिसला की ‘कोण जिंकलं?’च्या आधी ‘मत कुणाला होतं?’ हे लिहा.

सरावासाठी एक उदाहरण : १९६३ मध्ये चव्हाण नाशिकमधूनच लोकसभेवर बिनविरोध निवडून आले. ‘नाशिकने त्यांना एकमुखाने स्वीकारलं’ असं यावरून म्हणता येईल का? दोन ओळींत उत्तर लिहून बघा.