तीसपैकी चौदा पिसवा: लिस्टनचा जुना लेख वाचताना

मे महिन्यात घरी, निडीला गेले होते. आमचा म्हातारा कुत्रा एप्रिलमध्ये गेला, आणि आठवड्याभरात पडवीत बसणं मुश्किल झालं. घोट्यांभोवती लाल ठिपके, रात्रभर खाज. आजी म्हणाली, "कुत्रा होता तेव्हा त्याला खायच्या, आता आपल्याला खातात. त्यात काय एवढं, गं?"

पीएचडीच्या चौथ्या वर्षी "त्यात काय एवढं" ऐकलं की मला जरा भीतीच वाटते. पण याच गोष्टीवर मुंबईत १९०३ साली एक निरीक्षण झालं होतं. ते ज्या लेखात आलं तो मी परतीच्या दिवा गाडीत पुन्हा वाचला. ग्लेन लिस्टन परळच्या प्लेग प्रयोगशाळेत (आजची हाफकिन संस्था) काम करत. प्लेग, उंदीर आणि पिसवा यांच्यावरचा त्यांचा हा लेख बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये १९०५ साली आला. संशोधनाकडे वळणाऱ्यांनी तो वाचावा असं माझं मत आहे, पण जिथे सगळे थांबतात तिथे थांबू नये.

आधी थोडी पार्श्वभूमी. प्लेग मुंबईत १८९६ मध्ये आला. पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने १८९८ मध्ये कराचीत बरणीतला प्रयोग केला: पिसवा असलेला आजारी उंदीर खाली, निरोगी उंदीर वर जाळीच्या पिंजऱ्यात, दोघांचा स्पर्श नाही. वरचाही प्लेगने मेला. सरकारी प्लेग कमिशनने मात्र पिसवेचा सिद्धांत बाजूला सारला. पुस्तकांत हा आडमुठेपणा म्हणून रंगवलेला असतो. मला ते पूर्ण पटत नाही. प्रयोग मोजकेच होते आणि काही जणांना ते पुन्हा करून दाखवता आले नव्हते. सिमाँ बरोबर होते, पण बरोबर असणं आणि दाखवून देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आता लिस्टनची चाळ. एप्रिल १९०३. साधारण ६ तारखेपासून चाळीत उंदीर मोठ्या संख्येने मरू लागले, मग मरायचे एकदम थांबले. ११ च्या सुमारास लोकांना पिसवांचा त्रास सुरू झाला. तो इतका वाढला की लोक खोल्या सोडून व्हरांड्यात झोपायला लागले. १७ तारखेला तिथे प्लेगचा रोगी निघाला, त्याच दिवशी शेजारच्या खोलीत दुसरा. २० तारखेला काही रहिवाशांना आपल्याच अंगावरच्या पिसवा पकडायला लावलं. ३० मिळाल्या, त्यांतल्या १४ उंदराच्या. एरवी माणसांवर पकडलेल्या २४६ पिसवांमध्ये उंदराची फक्त एक होती.

सगळे थांबतात ते इथे. २४६ मध्ये एक आणि ३० मध्ये १४, अजून काय पाहिजे? आमच्या जर्नल क्लबमध्ये एकाने लगेच लॅपटॉप काढून पी-व्हॅल्यू काढली. हास्यास्पद लहान आली, अर्थातच. पण त्या ३० पिसवा म्हणजे ३० स्वतंत्र निरीक्षणं नव्हेत. त्या एका चाळीतल्या, एका दिवसाच्या, मोजक्या माणसांच्या अंगावरच्या आहेत. खरं तर नमुना एकच आहे: एक चाळ. आणि त्या २४६ कुठल्या वस्तीतल्या, कुठल्या ऋतूतल्या, हेही तुलना करण्याआधी विचारायला हवं.

दुसरं, ओळख. उंदराच्या या पिसवेला 'केऑपिस' हे नाव रॉथशिल्डने दिलं तेच १९०३ मध्ये, सुदानमधल्या नमुन्यांवरून. कुत्र्या-मांजराच्या पिसवेच्या गालावर काळ्या दात्यांची फणी असते, ती ओळखणं सोपं. उंदराची आणि माणसाची, दोघी बिनफणीच्या. मायक्रोस्कोपखाली छातीच्या बाजूची उभी पट्टी शोधावी लागते. उंदराच्या पिसवेला ती असते, माणसाच्या पिसवेला नसते. १४ हा आकडा या नजरेवर उभा आहे. (मी पहिल्या वर्षी सहा स्लाइड चुकीच्या लेबल केल्या होत्या, म्हणून जरा जास्तच बोलते आहे.)

लेखाची खरी ताकद मला त्या अपूर्णांकात नाही, तारखांच्या क्रमात दिसते. उंदीर, मग पिसवा, मग माणूस, मध्ये पाच-सहा दिवसांची अंतरं. तरी एक फट उरतेच. उंदीर आणि माणूस एकाच जमिनीवर, एकाच धान्याजवळ राहतात. दोघांनाही तिथूनच रोग लागला असेल तर? चाळीत नुसतं पाहत राहून ही शंका फिटत नाही. ती फिटली १९०५ पासूनच्या नव्या कमिशनच्या कामात, ज्यात लिस्टनही होते. प्लेगच्या घरांत गिनीपिग ठेवले, काही उघडे, काही बारीक जाळीआड. पिसवांपासून वाचले ते प्लेगपासूनही वाचले. उलट पिसवा नसतील तर आजारी आणि निरोगी गिनीपिग एकत्र ठेवूनही साथ पसरली नाही. पिसवेच्या पोटाच्या तोंडाशी जंतूंचा बोळा बसतो आणि ती चावताना रक्तासोबत जंतू परत ओकते, हे बेकट आणि मार्टिन यांनी १९१४ मध्ये दाखवलं.

एक गोष्ट मात्र मला बोचते. या लेखातली सगळ्यात मोलाची माहिती, ११ तारीख, रहिवाशांच्या तक्रारीतून येते. पिसवाही त्यांनीच पकडल्या. तरी ते लेखात "रहिवासी" एवढेच उरतात. घरझडत्या आणि सक्तीमुळे पुण्यात १८९७ ला रँडचा खून झाला होता, त्याला जेमतेम सहा वर्षं झालेली. अशा दिवसांत त्या चाळीने प्रयोगशाळेच्या माणसांना आत घेतलं आणि हे सांगितलं, ते का आणि कसं, हे मला वाचायला आवडलं असतं.

ऑगस्ट १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावातही आधी उंदीर मेले, मग पिसवांच्या तक्रारी आल्या, मग सप्टेंबरात गाठीच्या प्लेगचे संशयित रोगी. लिस्टनच्या चाळीतलाच क्रम, तोही आधी गावकऱ्यांच्या तोंडून.

आमच्या पडवीतल्या पिसवा मी चिकटपट्टीवर धरून आणल्यात. सगळ्या फणीवाल्या निघाल्या.