गुंजवण्याची बैठक : औंधकडून काय घ्यावं

मंडळी, गुंजवणे हे गाव आपल्यापैकी बहुतेकांना राजगडाच्या पायथ्याचं म्हणून माहीत आहे. नसरापूर, मार्गासनी, साखर, मग गुंजवणे. तिथून चोर दरवाजाने पद्मावती माची. शनिवार-रविवारी गाड्यांची रांग लागते, घराघरांत पिठलं-भाकरी होते आणि सोमवारी गाव पुन्हा गावाचं होतं. अशा ठिकाणी शास्त्रीय संगीताच्या बैठका भराव्यात, असं हौशी मंडळी हल्ली बोलतात. चांगलंच आहे ते. पण बोलता बोलता एक वाक्य हटकून येतं, 'शास्त्रीय संगीत खेड्यापर्यंत पोहोचवायचं'. आज आम्हाला त्या वाक्याचाच समाचार घ्यायचा आहे.

पोहोचवायचं म्हणजे कुठून? बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात आणली, ती रुजली इचलकरंजी, मिरज, औंध अशा संस्थानी गावांत. विष्णु दिगंबर पलुस्कर कुरुंदवाडचे. पुण्या-मुंबईत ख्यालाला तिकीट लागलं, नाव मिळालं, पण तो घडला बराचसा एस.टी.च्या थांब्याएवढ्या गावांतून. अर्थात याने फार हुरळून जाऊ नये. हे गाणं संस्थानिकांच्या आश्रयाने वाढलं. वाड्याबाहेरच्या नांगरधाऱ्याला त्यातलं किती ऐकू येत असेल, हा प्रश्न तेव्हाही होता.

म्हणूनच औंधचं उदाहरण मोलाचं. सातारा जिल्ह्यातलं, यमाईच्या डोंगराखालचं हे गाव. बाळकृष्णबुवांचे शिष्य अनंत मनोहर जोशी, म्हणजे अंतुबुवा, तिथल्या दरबारचे गायक. आपले आध्यात्मिक गुरू शिवानंद स्वामी यांच्या स्मरणार्थ त्यांनी 1940 च्या सुमारास तिथे संगीतोत्सव सुरू केला. पुढे 1948 साली संस्थान विलीन झालं. दरबार गेला, बिदागी गेली. उत्सव मात्र राहिला! अंतुबुवांचे चिरंजीव गजाननबुवा, गायक आणि व्हायोलिनवादक दोन्ही, यांनी तो पुढे नेला, त्यांच्यानंतर शिष्यांनी.

का राहिला? आमच्या मते कारण एकच. तो अश्विन वद्य पंचमीला होतो. पंचमी मंगळवारी आली तर मंगळवारी. कलाकाराची तारीख बघून उत्सव ठरत नाही, उत्सव बघून शिष्य आपल्या तारखा मोकळ्या ठेवतात. गुरूचं देणं म्हणून माणूस गायला येतो तेव्हा मानधनाचा प्रश्न मागे पडतो, आणि पैशाच्या ओढाताणीत कितीतरी उत्सव बुडालेले आपण पाहिलेत. मिरजेलाही तेच. अब्दुल करीम खाँ 1937 साली गेले. ख्वाजा शमना मीरा दर्ग्याच्या आवारात त्यांना दफन केलं आणि उरुसात तिथे त्यांच्या स्मरणार्थ गाणं होतं. तिथेही दिवस दर्ग्याचा, सभागृहाचा नव्हे.

आता गुंजवण्यासारख्या गावात येता हंगाम आखायचा झाला, तर औंधची नक्कल करून चालणार नाही. इथे अंतुबुवा नाहीत. पण गावाला स्वतःचं पंचांग आहे, आणि ते शहरी आयोजक वाचतच नाहीत. शहरात आषाढ लागला की मल्हारांचे कार्यक्रम होतात. वेल्ह्याकडच्या पावसात मियाँ मल्हार ऐकावा, असं कुणालाही वाटेल. पण बाबांनो, त्या वेळी सगळं गाव भातलावणीला चिखलात वाकलेलं असतं! तेव्हा बैठक ठेवली की पुढे बसणार पुण्याचे पाहुणे आणि गाववाले चहाच्या किटल्या घेऊन मागे. असा हंगाम वर्षभर चालेलही, फोटोही सुंदर येतील. पण ती गुंजवण्याची बैठक नव्हे, गुंजवण्यात झालेली पुण्याची बैठक.

त्यापेक्षा कोजागिरीपासून त्रिपुरीपर्यंतचा महिना बघा. त्या दिवसांत पुणे जिल्ह्यातल्या गावोगावी पहाटे काकडा होतो. भात कापणीला आलेलं असतं, हात रिकामे नसतात हे खरं, पण पहाटे देवळात माणसं असतातच. पखवाज असतो, पेटी असते, चाळीस वर्षं भजन म्हटलेले गळे असतात. या माणसांना राग 'समजावून' सांगायची गरज आम्हाला तरी दिसत नाही. भूपाळीचा वेळ कुठला आणि भैरवी शेवटी का, हे त्यांना कानाने ठाऊक असतं. काकडा संपल्यावर तिथेच कुणी तासभर ललत किंवा भटियार गायला, तर कोण उठून जाईल? शहरातल्या सभागृहांत हे राग जवळजवळ ऐकायलाच मिळत नाहीत, कारण कार्यक्रम संध्याकाळी साडेसहाला सुरू होतो आणि दहाच्या आत आटपतो. मारवा, पूरिया, फार तर बागेश्री. आमच्या एका पिढीने तोडी ध्वनिमुद्रणावरच ऐकली. औंधला सकाळचीही सत्रं असतात, ती त्यासाठी मोलाची.

दहाचं कारण सर्वांना माहीत आहे. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर ध्वनिवर्धक लावायला बंदी आहे. पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवाच्या रात्रभर चालणाऱ्या मैफली त्यातच संपल्या. हजारो श्रोत्यांना माईक लागणारच, त्यांचाही इलाज नव्हता. पण पन्नास-साठ माणसांच्या सभामंडपाला माईक कशाला? दारं लावून घ्या, दोन तंबोरे नीट जुळवा, आणि अकरा वाजता दरबारी सुरू करा. काकड्यानंतरच्या गाण्यालाही माईकची गरज नाही. शहर जे हरवून बसलं, ते लहान गाव अगदी कायद्यात राहून देऊ शकतं. अट एवढीच की गायकाचा आवाज माईकशिवाय शेवटच्या ओळीपर्यंत जायला हवा. हल्ली तशी तयारी किती जणांची आहे, हा वेगळा आणि जरा अडचणीचा विषय आहे. कलाकार बोलावताना तो आधी विचारावा.

आणि पहिल्या बैठकीचं निमंत्रण घेऊन आयोजकांनी सगळ्यात आधी गावातल्या भजनी मंडळाच्या बुवांकडे जावं. कुठली पहाट, कुठल्या देवळात, हे त्यांनाच ठरवू द्यावं.