एका हंगामाचा संघ

कुठल्याही संस्थेचा इतिहास लिहायचा तर आपल्याकडे निदान रौप्यमहोत्सवाची वाट पाहण्याची रीत आहे. मग स्मरणिका निघते, संस्थापकांचे छायाचित्र पहिल्या पानावर येते आणि भांडणे वगळून उरलेला वृत्तांत छापला जातो. पुण्याच्या 'भारत एफ. सी.' या व्यावसायिक फुटबॉल संघाला ती वाट पाहणे परवडले नाही. २०१४ च्या अखेरीस त्याची उभारणी झाली, २०१५ च्या जानेवारीपासून मे अखेरपर्यंत तो आय-लीग स्पर्धेत वीस सामने खेळला, आणि पुढचा हंगाम सुरू होण्यापूर्वी त्याने गाशा गुंडाळला. त्याची स्मरणिका कोणी काढणार नाही. तरीही त्याच्याविषयी लिहावेसे वाटते, कारण या संघाने जाता जाता एक असा हिशेब मागे ठेवला की तो त्याच्या मालकांनी चुकता केला नाही. तो भलत्याच घराला भरावा लागला.

प्रथम नाव पाहा. पुण्याच्या संघाला 'भारत' हे नाव का असावे? कल्याणी उद्योगसमूहाने हा संघ काढला, आणि या समूहाचा नामांकित कारखाना म्हणजे 'भारत फोर्ज'. नावाचा उगम तेथे असेल तर त्यात गैर काही नाही. टाटांच्या आणि महिंद्रांच्या नावांचे संघ मुंबईने पुष्कळ पाहिले. पण त्या नावांतून मालक कोण ते निदान सरळ कळे. 'भारत' म्हटले की देशाचा संघ डोळ्यांसमोर येतो, गावाचा येत नाही. कसब्यातल्या किंवा कॅम्पातल्या पोराने 'आपला' म्हणून ओरडायचे ते कोणाच्या नावाने? कादंबरीत पात्राचे नाव चुकले तर वाचक ते पात्र शेवटपर्यंत परके मानतो, एवढे मी अनुभवाने सांगू शकतो.

घरही असेच. बालेवाडीचे क्रीडासंकुल १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी उभारलेले, पेठांपासून दूर, मुंबई-बंगलोर रस्त्याच्या कडेला. त्याच मैदानावर २००७ साली स्थापन झालेला 'पुणे एफ. सी.' खेळत होता. हा संघ खालच्या गटातून वर चढला होता, २०१२-१३ साली देशात दुसरा आला होता, आणि त्याने मुलांसाठी प्रबोधिनी चालवली होती. शिवाय २०१४ पासून इंडियन सुपर लीगमधला 'एफ. सी. पुणे सिटी'ही तेथेच आला. त्याच्यापाशी हृतिक रोशन मालकांत आणि दाव्हिद त्रेझेगे मैदानात, असा थाट होता. एका विहिरीवर तीन मोटा! भारत एफ. सी.ने स्टुअर्ट वॉटकिस हा इंग्रज प्रशिक्षक आणला, परदेशी खेळाडू आणले, पण प्रेक्षक कोठून आणणार?

'थेट प्रवेश हेच पाप' असे म्हणून काही टीकाकार मोकळे होतात. मला ते पटत नाही. खालच्या गटात न खेळता, रक्कम भरून वरच्या गटात बसण्याची हीच सवलत २०१३ साली बंगलोरच्या संघालाही मिळाली होती. त्याने पहिल्याच हंगामात अजिंक्यपद मिळवले, गावाचे नाव लावले, प्रेक्षकांना जवळ केले आणि सुनील छेत्रीसारखा कप्तान वर्षानुवर्षे राखला. तो आजही उभा आहे. तेव्हा दाराने आत आला की खिडकीने, हा प्रश्न दुय्यम ठरतो. आत आलेला पाहुणा मुक्कामाला आला आहे की चहापुरता, हे कोणी विचारले होते काय?

आता त्या हिशेबाकडे वळतो. अकरा संघांच्या त्या स्पर्धेत मोहन बागान विजयी झाला आणि भारत एफ. सी. अकरावा, म्हणजे तळाला आला. रिवाजाप्रमाणे तळाचा संघ खालच्या गटात जायला हवा. परंतु थेट प्रवेश घेतलेल्या संघाला त्यातून सूट होती. म्हणून दहाव्या क्रमांकाचा संघ खाली ढकलला गेला. तो संघ कोणता? गोव्याचा डेंपो! राष्ट्रीय लीग दोनदा आणि आय-लीग तीनदा, असे पाच वेळा देशाचे अजिंक्यपद जिंकलेला, आर्मांदो कुलासोंच्या हाताखाली एक अख्खी पिढी घडवलेला संघ. खराब हंगाम कोणाच्याही वाट्याला येतो, आणि डेंपोचा तो हंगाम खराबच होता, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण ज्याला वाचवण्यासाठी डेंपोचा बळी गेला तो पुढच्या हंगामाला हजरच नव्हता. जागा अडवून ठेवली आणि पंगत बसायच्या आत पाटावरून उठून गेला, अशातली ही गत.

डेंपोने मात्र मुकाट्याने खालचा गट खेळून काढला, २०१६ साली तो जिंकला, आणि त्यानंतर देशाच्या फुटबॉलच्या नव्या आराखड्याला विरोध म्हणून साळगांवकर आणि स्पोर्टिंग या संघांबरोबर आय-लीगच सोडली. पुन्हा त्या स्पर्धेत उतरायला त्याला २०२४ साल उजाडावे लागले. एका संघाच्या पाच महिन्यांच्या हौसेमुळेच हे सारे घडले, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण धक्का देणाऱ्या हातांत तो एक हात होता, हे खरेच.

पुण्याचे काय झाले? त्याच सुमारास पुणे एफ. सी.नेही आय-लीग सोडली. मग डी. एस. के. शिवाजियन्स हा संघ थेट प्रवेशानेच आला, दोन हंगाम खेळला आणि २०१७ साली बाहेर पडला. पुणे सिटी २०१८ मध्ये उपान्त्य फेरीपर्यंत गेला. तेथे छेत्रीने तीन गोल करून त्याची वाट अडवली. २०१९ मध्ये तोही आटोपला आणि त्याची जागा हैदराबादला गेली. एवढे संघ एका शहराने पाचच वर्षांत गमावावेत, याचा पुणेकरांना म्हणावा तसा खेद झालेला मला तरी दिसला नाही. कोणाला दोष द्यावा? मालकांनी गावाला काही विचारले नाही, गावाने मालकांना काही सांगितले नाही.

कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम आणि खंडोबा तालीम यांचा सामना असला की सगळे वेगळेच असते. तेथे खेळाचा दर्जा देशातल्या पहिल्या प्रतीचा असतो असा दावा कोणी करणार नाही. भांडणेही होतात, कधी कधी नको इतकी. पण तेथल्या संघाला मालक नाही, पेठ आहे. हरलेल्या संघातला पोरगा दुसऱ्या दिवशी त्याच गल्लीतून दूध आणायला जातो आणि चार म्हाताऱ्यांची बोलणी खाऊन येतो. भारत एफ. सी. वीस सामन्यांत तळाला गेला, तेव्हा त्याच्या खेळाडूंना अशी बोलणी द्यायला बालेवाडीच्या रस्त्यावर कोणी थांबले होते काय?